खिडकीतून पक्षी की टेबलावर मॅक्रो?

बाहेर बर्फ नाहीतर गारठलेला पाऊस, कॅमेरा घेऊन निघायची सोय नाही, मग घरात दोनच पर्याय उरतात: खिडकीतून पक्षी किंवा टेबलावर मॅक्रो, म्हणजे छोट्या वस्तूंचे अगदी जवळून फोटो. खिडकीतून पक्षी टिपायचे म्हटलं तर काच आधी दोन्हीकडून पुसा, खोलीतले दिवे बंद करा आणि लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, नाहीतर फोटोत चिमणीच्या पोटावर आपलाच टीशर्ट दिसतो (माझा दिसलाय!). त्यात ढगाळ उजेड, पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद तरी हवं, म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशासाठीची संवेदनशीलता) चढलाच, आणि फोटो दाणेदार. मागे बर्फ असेल तर एक्स्पोजर +१ करा (म्हणजे फोटो एक पायरी उजळ), नाहीतर सगळं राखाडी.

टेबलावरचं मॅक्रो मात्र निवांत. वाळकं पान, गळालेलं पीस काहीही चालतं, आणि तोच ढगाळ उजेड इथे मऊ पडतो. पान हलत नाही, त्यामुळे ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, शटर १ सेकंद ठेवलं तरी चालतंय. अडचण एकच, १:१ ला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी), एफ/८ वर (लेन्सचं छिद्र मध्यम), फुलफ्रेमला (३६×२४ मिलिमीटर सेन्सरच्या कॅमेऱ्याला) जेमतेम १ मिलिमीटर शार्प मिळतं, पिसाचे बारीक तंतू अर्धे फोकसमध्ये अर्धे धूसर, मग फोकस बदलत दहा-बारा फोटो काढून जोडत बसा. तरी मी मॅक्रोच घेईन, पक्षी काय, कॅमेरा उचलला की उडतोच.