सँड आयलंडची तीन दिवसांची कयाक सहल: पैसे वसूल, पण पहिला दिवस नीट असेल तरच

विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवरात, अपॉसल आयलंड्स हा बेटांचा पुंजका आहे. त्यातली २१ बेटं आणि किनाऱ्याची सुमारे १२ मैलांची पट्टी मिळून १९७० पासून राष्ट्रीय उद्यान-क्षेत्र आहे. मिनियापोलिसहून गाडीने साधारण चार तास, शिकागोहून सात-आठ. दोन्हीकडे मराठी मंडळी भरपूर आहेत आणि दर उन्हाळ्यात जवळच्या बेफील्ड गावातल्या आउटफिटरांकडे (होडी, सामान, गाईड पुरवून सहल नेणाऱ्यांकडे) त्यांची चौकशी जाते. इथे बघतोय ती नवख्यांना झेपणारी सहल: मुख्य किनाऱ्यावरच्या लिटल सँड बेहून कयाकने (दुहेरी पात्याच्या वल्ह्याच्या अरुंद, वरून बंद होडीने) निघायचं, त्या बेटांपैकी सँड आयलंडवर दोन रात्री तंबूत राहायचं, तिसऱ्या दिवशी परत. पाचपैकी साडेचार देऊ. मात्र हे गुण त्या आउटफिटरचे, जो पहिली सकाळ किनाऱ्यावर घालवतो आणि वाऱ्याच्या दिवशी सरळ ‘आज नाही’ म्हणतो. बाकी तंबू, जेवण, फोटो सगळीकडे उन्नीस-बीस.

सरोवर असताना समुद्री कयाक कशाला, हा प्रश्न हमखास येतो. या पाण्याचं क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. खोली काही ठिकाणी ४०६ मीटर. ईशान्येकडून वारा सुटला की उघड्या पाण्यावरून लांबवर लाटा चढत येतात, आणि समुद्रातल्यापेक्षा त्या आखूड, उभ्या आणि लागोपाठच्या असतात. सप्टेंबर १९०५ मध्ये ‘सेव्होना’ हे पोलादी मालवाहू जहाज सँड आयलंडजवळच्या खडकाळ उथळ भागावर फुटलं आणि कप्तानासह सात जण गेले. बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराला ते दिसत होतं, पण त्या लाटांत होडी घालणं शक्य नव्हतं. म्हणून इथे किमान १६ फूट लांबीची, पुढे-मागे पाणीबंद कप्पे असलेली, स्प्रे स्कर्ट (कमरेला घालून होडीचं बसायचं तोंड पाण्यापासून बंद करणारं आवरण) लागणारी कयाक हवी. वर बसायची उघडी कयाक किंवा कनू (वरून उघडी वल्ह्याची होडी) घेऊन कोणी बेटावर नेतो म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा.

खरा शत्रू लाट नाही, गारठा आहे. जूनमध्ये पाणी दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असतं. ऑगस्टमध्ये उथळ उपसागरात ते बरंच सुखावतं, पण किनाऱ्याकडून वारा वाहिला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं, खालचं गार पाणी वर येतं आणि एका रात्रीत तापमान धाडकन उतरतं. त्यामुळे हवा तीस अंश असली तरी वेटसूट (पाण्यात ऊब धरणारा घट्ट रबरी पोशाख) काढायचा नाही. थंड पाण्याचा ढोबळ हिशेब असा: पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचा, पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात तोवरची, आणि साधारण तासाभराने शुद्ध हरपण्याची वेळ. लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच हा हिशेब लागू पडतो. पोहता येणं बहुतेक आउटफिटर सक्तीचं करत नाहीत, पण पाण्यात तोंड गेल्यावर बिथरणाऱ्याने आधी तलावात सराव करून जावं.

आता ती पहिली सकाळ. चांगला गाईड कमरेइतक्या पाण्यात प्रत्येकाला एकदा मुद्दाम उलटवतो. उलटलात की क्रम एकच: अंग पुढे झुकवायचं, होडीच्या कुशीवर हाताने थापा मारायच्या (याने साथीदाराला कळतं आणि आपलं डोकंही ठिकाणावर राहतं), मग स्कर्टच्या पुढच्या टोकाचा पट्टा आधी पुढे आणि नंतर वर ओढायचा, दोन्ही हात कॉकपिटच्या (बसायच्या तोंडाच्या) कडेला लावून पँट उतरवावी तसं बाहेर यायचं. इथे चुकतं ते एकाच जागी. स्कर्ट लावताना तो पट्टा आत दुमडून जातो आणि पाण्याखाली हाताला सापडत नाही. म्हणून प्रत्येक वेळी स्कर्ट बसवल्यावर पट्ट्याला हात लावून बघणं हा नियम. बाहेर आल्यावर होडी आणि वल्हं सोडायचं नाही. वाऱ्यात रिकामी कयाक माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते.

त्यानंतर परत चढण्याचा सराव. मदतीला आलेला उलटलेल्या कयाकचं पुढचं टोक आपल्या होडीवर आडवं ओढून घेतो, पाणी ओतून देतो, ती सुलटी करतो, मग दोन्ही होड्या उलट्या दिशांना तोंड करून शेजारी लावतो आणि कॉकपिटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून आपलं वजन तिच्यावर टाकतो. पाण्यातला माणूस पाय मारत मागच्या भागावर पालथा चढतो, पाय कॉकपिटमध्ये सरकवतो, होडीला चिकटूनच सावकाश वळून बसतो. घाईने उठून बसलात की पुन्हा पाण्यात. सराव झालेल्या जोडीला हे दोन-तीन मिनिटांत जमतं, आणि वरच्या दहा मिनिटांच्या हिशेबात ते बसतं. हा सराव टाळून ‘तोंडी समजावतो’ म्हणणारी सहल कितीही स्वस्त असो, नको.

सामान भरणं हाही शिकवायचाच विषय आहे. हॅचचं (सामानाच्या कप्प्याचं) तोंड लहान असतं, त्यामुळे एक मोठी ड्राय बॅग (पाणीबंद पिशवी) नेण्यापेक्षा ५ आणि १० लिटरच्या पाच-सहा पिशव्या बऱ्या. पाणी, डबे, भांडी असं जड सामान कॉकपिटला लागून, तळाशी, मध्यरेषेवर. स्लीपिंग बॅग, कपडे टोकांना. पुढचं टोक जड झालं तर होडी वाऱ्यात सारखी तोंड फिरवते. मागचं फार जड झालं तर उलट वाऱ्याबरोबर वाहवत जाते. डेकवर काही बांधायचं नाही. वारा धरतो आणि चढताना आड येतं.

लिटल सँड बे ते बेटाचा ईस्ट बे हे अंतर साधारण चार-पाच किलोमीटर, म्हणजे नवख्यांच्या गटाला तासाभराचं वल्हवणं. अंतर काहीच नाही, पण मधला पट्टा उघडा आहे. आडवा वारा आला की कयाकचं तोंड आपोआप वाऱ्याकडे वळतं, कारण पुढचं टोक पाण्याच्या दाबात रुतलेलं असतं आणि मागचं मोकळं ढकललं जातं. नवखा मग एकाच बाजूने वल्हवत राहतो आणि अर्ध्या तासात त्याचा खांदा भरून येतो. उपाय: स्केग (मागच्या टोकाखालचं पाण्यात उतरवायचं पातं) थोडा थोडा उतरवत बघायचं, आणि वल्हं दंडाने नाही, कमरेतून धड वळवून ओढायचं. जोडीने जाणाऱ्यांनी दोघांची कयाक निःसंकोच घ्यावी. ती रुंद, स्थिर असते, सुकाणू पायाने चालतं आणि कमजोर वल्हवणाऱ्यामुळे गट रखडत नाही.

हवामान खात्याचा सागरी अंदाज गाईडने रोज सकाळ-संध्याकाळ व्हीएचएफ रेडिओवर ऐकला पाहिजे. आम्ही दोन दिवसांपेक्षा तीन दिवसांची सहल घ्या म्हणतो ते याचसाठी. दोन दिवसांत एक सकाळ वाऱ्याने खाल्ली की घाईघाईने परतण्याचा मोह होतो, आणि चुका तिथेच होतात. तिसरा दिवस हाताशी असला की मधला दिवस बेटावर पायी काढता येतो. ईस्ट बेपासून दीपगृहापर्यंत सुमारे दोन मैलांची पायवाट जंगलातून जाते. १८८१ सालचं ते दीपगृह इथल्याच तांबूस वालुकाश्मात बांधलंय आणि जवळून बघण्यासारखं आहे.

गुहांसाठी मात्र निवांत पाणीच लागतं. याच बेटावर जस्टिस बेच्या पलीकडे स्वॅलो पॉइंटला लाटांनी वालुकाश्म खालून कोरून काढलाय: खांब, कमानी, आणि काही जागा इतक्या अरुंद की वल्हं आडवं न धरता होडीच्या लांबीत ठेवून हातांनी भिंत ढकलत जावं लागतं. पाणी स्वच्छ, तळाचे दगड मोजता येतात. आत छताखाली थांबलं की प्रत्येक लहान लाट खडकाच्या पोटात शिरून घुमते. पण उघड्यावर फूटभर वाटणारी लाट कड्यावर आपटून परतते, येणाऱ्या लाटेवर चढते आणि दुप्पट होते. अशा वेळी बाहेरूनच बघून पुढे जाणारा गाईड हा चांगला गाईड.

मुक्कामाचं सांगायचं तर पार्कच्या जागांवर टेबल, शेकोटीचा कडा, अस्वलापासून जपायची लोखंडी पेटी आणि संडास असतो. पाणी सरोवराचंच, गाळून किंवा खळखळून उकळून. काळं अस्वल बेटांमध्ये पोहत ये-जा करतं, त्यामुळे लोणचं, चटणी, टूथपेस्ट, सनस्क्रीन, वास येणारं सगळं पेटीत. तंबूत चिवड्याची पुडीसुद्धा नको. जेवण सहसा आउटफिटरचं असतं. शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. अंडं नाही, मासे नाहीत, चिकन स्टॉक नाही असं फोड करून कळवा, आणि तवा वेगळा हवा असेल तर तेही आधीच. थेपले आणि मेतकूट सोबत असले की वाऱ्याने अडकवलेल्या दिवशी उपयोगी पडतात.

काळ जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्ट. जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या नको करतात. दक्षिणेचा वारा सुटला की किनाऱ्यावर घोट्याला चावणाऱ्या माश्या येतात, त्या साध्या मलमाला दाद देत नाहीत. लांब पँट आणि मोजे हाच उपाय.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचं ते असं. पाच-सहा जणांमागे एक गाईड आहे का? गाईडकडे रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का? वाऱ्यामुळे बेटावर जाता आलं नाही तर किनाऱ्यालगतचा पर्यायी मार्ग कोणता, आणि पैशांचं काय? वेटसूट, स्लीपिंग बॅग, मुक्कामाचा परवाना दरात धरलाय का? वर गाईडला पंधरा ते वीस टक्के टिप देण्याची पद्धत आहे, ती बजेटमध्ये धरा. उंची, वजन आणि बुटाचं माप खरं कळवा. ढगळ वेटसूटमध्ये पाणी खेळतं आणि ऊब राहत नाही. चश्म्याला दोरी लावा. आणि रात्री वेटसूट तंबूबाहेर दोरीवर उलटा करून वाळत घाला, कारण दवात भिजला तरी आतली बाजू सकाळी निदान घामट राहत नाही.