यामाहा एमजी१०एक्सयू: भजनी मंडळासाठी घेतलेला छोटा मिक्सर

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला असलेल्या आमच्या सोसायटीचे भजनी मंडळ दर एकादशीला क्लब हाउसमध्ये बसते. बुवा, टाळकरी, पेटी, पखवाज आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा एवढा आमचा संच. पूर्वी सगळे माइक थेट ॲम्प्लिफायरला जोडले जात आणि पखवाज चढला की अभंगाचे शब्द बुडत. यासाठी यामाहाचा हा मिक्सर (अनेक माइकांचे आवाज हवे तसे कमी-जास्त करून एकत्र मिसळणारे यंत्र) घेतला. सहा महिने वापरून हा अभिप्राय लिहीत आहे.

यंत्र जेमतेम दोन किलोंचे आहे. पहिल्या चार चॅनलांची (आवाज आत येण्याच्या स्वतंत्र वाटांची) सॉकेटे माइकची तीन टोकांची एक्सएलआर पिनही घेतात आणि पी-३८ म्हणतात ती पाव इंची जाड पिनही. त्या चारांत बुवा, टाळकरी, पेटी आणि पखवाज यांचे माइक बसले. तानपुरा डावे-उजवे अशी दोन सॉकेटे असलेल्या स्टिरिओ चॅनलवर गेला. पेटीसमोर विजेवर चालणारा कंडेन्सर माइक असल्याने केबलमधूनच माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो आणि त्याचे बटण चारही माइकांना मिळून एकच आहे. बुवांचा वीज न लागणारा डायनॅमिक माइक धड एक्सएलआर केबलने जोडलेला असेल तर त्याला या पुरवठ्याने अपाय होत नाही. मात्र बटण दाबण्याआधी आवाज पूर्ण उतरवावा, नाहीतर स्पीकरमधून मोठा ‘धप्प’ आवाज येतो.

या मिक्सरचे खरे मोल मला गेनच्या, म्हणजे माइकचा आवाज आत येतानाच वाढवणाऱ्या, नॉबमध्ये वाटले. बुवांना तार सप्तकातील ओळ पूर्ण ताकदीने म्हणायला सांगायचे, आवाज फाटण्याच्या बेतात आल्याचे दाखवणारा पीकचा लाल दिवा क्षणभर लुकलुकेपर्यंत गेन चढवायचा, मग किंचित उतरवायचा आणि त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. पुढचा चढउतार लेव्हलच्या नॉबने. ८० हर्ट्झखालचा घुमारा कापणारे बटण गायकांच्या माइकवर आम्ही कायम चालू ठेवतो, पण पखवाजावर ते चुकूनही दाबू नये, कारण कणीक लावलेल्या धाम्याचा (पखवाजाच्या खर्जाच्या बाजूचा) भरदारपणाच त्याने जातो.

जोडणीत आमची एक मोठी चूक झाली. भजनाआधी मोबाइलवरून अभंग लावायचे म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानातून दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली केबल आणली, कारण दुकानदाराने ती चालेल असे सांगितले होते. ती मोकळ्या केलेल्या माइकच्या सॉकेटात घातल्यावर टाळ ऐकू येत होते, तंबोऱ्याची झणझण येत होती, परंतु गायकाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा पुसट झाला होता. कारण असे की हे सॉकेट बॅलन्स्ड आहे. पिनेच्या टोकावरच्या आणि कड्यावरच्या सिग्नलमधील फरक तेवढा ते पुढे पाठवते. मोबाइलमधून या दोन ठिकाणी डावी आणि उजवी बाजू येते, आणि गायक सहसा दोन्हींत सारखाच असल्यामुळे तो या वजाबाकीत नाहीसा होतो. मोबाइलकडून निघून दोन वेगळ्या मोनो पिनांत फुटणारी केबल आणली आणि त्या पिना स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या सॉकेटांत लावल्या, तेव्हा आवाज जागेवर आला. छोटा मिक्सर घेणाऱ्या प्रत्येकाने यंत्राइतकाच विचार केबलचा करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मर्यादाही जाणून घ्याव्यात. २४ इफेक्ट आहेत, त्यांपैकी हलका रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा) बुवांच्या आवाजाला शोभतो. परंतु रिव्हर्बसाठी आणि गायकांसमोरच्या मॉनिटरसाठी (त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरसाठी) सेंड, म्हणजे चॅनलचा आवाज तिकडे पाठवणारी वाट, एकच असल्याने दोन्हींचे प्रमाण वेगवेगळे ठेवता येत नाही. ज्यांना मॉनिटरशिवाय गाताच येत नाही, अशा मंडळांनी मोठा मिक्सर पाहावा. चॅनलांना फेडरऐवजी (वर-खाली सरकणाऱ्या दांडीऐवजी) गोल नॉब आहेत, सवयीने ते जमते. गिटारसाठी वेगळे इनपुट नाही, म्हणून बॅटरीविना पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) असलेली गिटार तिचा सिग्नल माइकच्या सॉकेटाजोगा करणाऱ्या डीआय बॉक्समधूनच जोडावी.

यूएसबीवरून लॅपटॉपवर रेकॉर्डिंग होते आणि ते स्वच्छ होते, मात्र सगळे चॅनल एकत्र मिसळलेले दोनच ट्रॅक मिळतात. पखवाज जास्त झाला असेल तर तो नंतर कमी करता येत नाही. आमच्याकडे लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमध्ये बारीक गुणगुण सुरू होते आणि चार्जर काढला की थांबते, म्हणून एकादशीला लॅपटॉप घरूनच पूर्ण चार्ज करून आणतो.