काठावरच्या साखरेला घरचा ग्लुकोमीटर
प्रीडायबेटिस असेल तर हे यंत्र घ्याच, पण निदानासाठी नव्हे, त्याला एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) सारखी लॅबमधली रक्ततपासणीच हवी (५.७ ते ६.४ टक्के म्हणजे काठावर). खरा उपयोग ताट पारखायला. पहिल्या घासापासून २ तासांनी मोजा: एक दिवस भात-आमटी, दुसऱ्या दिवशी जोंधळ्याची भाकरी-झुणका, मग तेच जेवून १५ मिनिटं चालणं. दहाएक अंकांच्या फरकाने घाबरू नका, तेवढी चूक यंत्राचीच असते. बोटाला कुंद्याचा (बेळगावची खव्याची मिठाई) चिकटपणा राहिला की आकडा फुगतो; साबणाने धुऊन, कोरडं करून बोटाच्या कडेला टोचा. बेळगावच्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या दमटपणाने वाया जातात. आणि घेताना आधी पट्टीचा दर विचारा, खरा खर्च तिथेच.