उतारवयातील स्पिट्झ आणि पिमोबेंडन: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचा गुंड्या हा बारा वर्षांचा, सुमारे सात किलो वजनाचा स्पिट्झ आहे. आपल्याकडे ज्या पांढऱ्या केसाळ कुत्र्याला सर्रास पॉमेरियन म्हटले जाते, तोच हा. त्याच्या हृदयाची द्विदल झडप झिजल्याचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी पिमोबेंडनच्या चघळायच्या गोळ्या सुरू केल्या, त्याला आता आठ-नऊ महिने होत आले. या औषधाचा अनुभव लिहिताना पहिली अडचण अशी की, ते सुरू केले तेव्हा कुत्रा आजारी दिसतच नव्हता. तो जेवत होता, जिना चढत होता आणि दारावरची बेल वाजली की नेहमीसारखा भुंकत होता. त्यामुळे गोळी दिली आणि चार दिवसांत फरक पडला, असे येथे काहीही सांगता येणार नाही. ती लागू पडते आहे की नाही, हे मोजमापांवरूनच ठरवावे लागते.

लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये वय वाढते तसा हा विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. झडपेच्या पाकळ्या जाड व गाठाळ होतात, नीट मिटत नाहीत आणि डाव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) महाधमनीत जायचे रक्त प्रत्येक ठोक्याला थोडेथोडे मागे, डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) परतते. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा मर्मर हा या गळतीचा आवाज असतो. गुंड्याच्या बाबतीत तो वार्षिक लसीकरणाच्या वेळी लक्षात आला. मात्र मर्मर ऐकू आला म्हणजे लगेच औषध सुरू करायचे, असे नाही. एसीव्हीआयएम या अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मर्मर असूनही हृदयाचा आकार फारसा वाढलेला नसेल, तर तो बी-वन टप्पा. त्यात औषध न देता सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. पिमोबेंडनची शिफारस बी-टू टप्प्यापासून आहे. त्यासाठी सहापैकी किमान तिसऱ्या श्रेणीचा मर्मर, टू-डी इकोमध्ये डाव्या अलिंदाचे महाधमनीशी प्रमाण १.६ किंवा अधिक, वजनानुसार काढलेला डाव्या निलयाचा व्यास १.७ किंवा अधिक आणि एक्स-रेमध्ये मणक्यांच्या मापाने मोजलेला हृदयाचा आकार १०.५ पेक्षा जास्त, असे निकष आहेत.

म्हणून टू-डी इकोवर खर्च करण्यास कचरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पशुवैद्यकीय टू-डी इको करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाहीत, हे खरे. तशा ठिकाणी एक्स-रेवरून अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी हृदय बरेच मोठे दिसावे लागते. तपासणी टाळून केवळ आवाजावरून आयुष्यभराची गोळी लावून घेणे मला पटत नाही. हृदयाच्या काही अन्य विकारांत, उदाहरणार्थ महाधमनीचे तोंड अरुंद असताना, हे औषध देतच नाहीत.

गुंड्याच्या अलिंदाचे प्रमाण १.८ आले आणि गोळी सुरू झाली. त्याला सकाळी २.५ मिलिग्रॅमची एक आणि संध्याकाळी त्याच गोळीची अर्धी दिली जाते; अर्थात हे त्याच्या वजनाचे गणित आहे, ते दुसऱ्या कुत्र्याला लावू नये. दोन मात्रांमध्ये बारा तासांचे अंतर राखायचे आणि जेवणाच्या साधारण तासभर आधी गोळी द्यायची, या दोन अटी कागदावर सोप्या वाटतात. सकाळी घरात चहा-पोळीची गडबड सुरू असताना कुत्र्याला तासभर उपाशी ठेवणे मात्र सोपे नाही, विशेषतः घरात प्रेमाने तुकडा टाकणारी ज्येष्ठ मंडळी असतील तर. सुरुवातीला थोडे दिवस त्याची शी पातळ झाली, नंतर ती तक्रार राहिली नाही.

या औषधाने हृदयाच्या स्नायूंचे आकुंचन सुधारते आणि रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे रक्त पुढे ढकलणे हृदयाला सोपे जाते. झडप मात्र दुरुस्त होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ या अभ्यासात बी-टू टप्प्यातील ३६० कुत्रे होते; हृदय निकामी होऊन फुफ्फुसांत पाणी साठण्यापर्यंतचा किंवा हृदयविकाराने मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत १,२२८ दिवस, तर न घेणाऱ्यांत ७६६ दिवस भरला. म्हणजे सुमारे पंधरा महिन्यांची सवड. सहा महिन्यांनंतरच्या टू-डी इकोमध्ये गुंड्याचे प्रमाण १.७ आले. आम्हाला आनंद झाला. पण एवढा फरक मोजण्यातल्या कमी-अधिकपणामुळेही पडू शकतो, हे डॉक्टरांनी लगेच बजावले. वाढ झालेली नाही, एवढाच अर्थ त्यातून काढावा, हे मला योग्य वाटते.

खोकल्याबाबत मात्र अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. उत्साहात आल्यावर किंवा पाणी प्यायल्यावर गुंड्या पूर्वी खोकत असे, तसा आजही खोकतो. मोठे झालेले अलिंद श्वासनलिकेच्या डाव्या शाखेवर दाब देते, शिवाय या जातीच्या कुत्र्यांची श्वासनलिकाच मुळात ढिली पडलेली असू शकते. एक्स-रेमध्ये फुफ्फुसे स्वच्छ असतील, तर अशा खोकल्यावर लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड देऊन उपयोग होत नाही. उलट मूत्रपिंडावर विनाकारण ताण येतो. ‘खोकला आहे म्हणजे पाणी भरले’ हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे, की शेजाऱ्यांनीही ते औषध सुचवून पाहिले.

सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट फुकटची आहे. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास, असे अर्धा मिनिट मोजायचे आणि दुप्पट करायचे. मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास असतील तर चिंता नाही. आकडा पुन्हा पुन्हा मोजूनही त्याच्या वर राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. स्वप्नात पाय हलवत असताना किंवा भर उन्हाळ्यात पंखा बंद असताना मोजलेला आकडा धरू नये. गुंड्याचे श्वास बहुधा अठरा ते बावीसच्या दरम्यान असतात. ती वही तपासणीला नेली की डॉक्टर आधी तीच चाळतात.

आहारात फार मोठा बदल करावा लागला नाही. वरण-भातात मीठ घालण्यापूर्वी त्याचा वाटा काढून ठेवतो. खारी, फरसाण, पापड पूर्ण बंद केले आहेत. गोळी चीजमध्ये लपवून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण चीजमध्ये भरपूर मीठ असते. प्रथिने मात्र कमी केलेली नाहीत, कारण हृदयविकारात मांस झडणे हा वेगळाच धोका असतो.

औषध मिळवण्याची कटकट हा मोठा दोष. फ्युरोसेमाइड माणसांच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. पिमोबेंडनसाठी प्राण्यांच्या औषधांचे दुकान गाठावे लागते आणि तेथेही हवी ती मात्रा नेहमी शिल्लक नसते. एक पाकीट उघडताच दुसरे मागवून ठेवणे बरे. खर्च वजनाप्रमाणे वाढत असल्याने लहान कुत्र्यांचे पालक त्यातल्या त्यात सुखी. पुढे फुफ्फुसांत पाणी झालेच, तर फ्युरोसेमाइड व अन्य गोळ्यांची भर पडेल आणि मूत्रपिंडासाठी रक्ततपासण्याही कराव्या लागतील. तसे झाल्यास रात्री कोणत्या दवाखान्यात न्यायचे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे. पुढचा टू-डी इको पावसाळ्यानंतर आहे, तोपर्यंत हीच मात्रा सुरू राहील.