मॅजिक : द गॅदरिंग – गप्प राहण्याची मुभा

1993 साली बाजारात आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या संग्राह्य पत्त्यांच्या खेळात मला चित्रांपेक्षाही त्याची स्पर्धा-नियमावली अधिक वाचनीय वाटते. आपले लाइफ, म्हणजे संपले की डाव हरतो ते जीवनगुण, किती उरले आहे, हे प्रतिस्पर्ध्याने विचारताच खरे सांगावे लागते. हातात कोणता पत्ता आहे, याबद्दल मात्र खुशाल थाप मारता येते. खरी मौज या दोहोंच्या मधल्या माहितीत आहे. ‘टार्मोगॉइफ’ या प्राण्याच्या पत्त्याची ताकद सर्व ग्रेव्हयार्डांत (वापरलेल्या वा बाद झालेल्या पत्त्यांच्या ढिगांत) मिळून पत्त्यांचे किती प्रकार साचले आहेत, यावर ठरते, वरच्या पातळीच्या स्पर्धेत ती कोणी विचारली, तर खेळाडू उत्तर टाळू शकतो, पण चुकीचा आकडा सांगू शकत नाही. नवख्याला हा वकिली कावा वाटेल, आणि थोडासा तो आहेच. ‘मॉर्फ’चा, म्हणजे ओळख लपवून पालथा खेळलेला, पत्ता डाव संपताच उलटून दाखवावा लागतो, ही तरतूद चोख आहे. गड्डीतून ‘फॉरेस्ट’ हा जमिनीचा पत्ता शोधताना तो समोर दिसत असूनही ‘सापडला नाही’ म्हणण्याची परवानगी मात्र, गड्डी उघड केल्याशिवाय खरेखोटे पडताळता येत नाही हे मान्य करूनही, मला अजून पचलेली नाही.