‘रिफंड पॅकेज’मध्ये यशाचा अर्थ काय, हे आधी विचारा

लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर आम्ही नाशिकमधल्या एका वंध्यत्व उपचार केंद्राची पायरी चढलो. यजमानांच्या कंपनीचा मेडिक्लेम असल्यामुळे निदान थोडा खर्च तरी त्यातून निघेल, असे आम्ही धरून चाललो होतो. विमा कंपनीकडे चौकशी केल्यावर कळले की वंध्यत्वावरील उपचार बहुतेक पॉलिसींमधून वगळलेले असतात आणि आमच्या पॉलिसीतही ते ‘एक्सक्ल १७’ या कलमाखाली स्पष्टपणे वगळलेले होते. काही नव्या पॉलिसींत मर्यादित संरक्षण मिळते, परंतु त्यासाठी आधी प्रतीक्षा कालावधी पूर्ण करावा लागतो.

विमा नाही हे ऐकताच केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी ‘रिफंड पॅकेज’ पुढे केले: २,१०,००० रुपयांत आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या, तीन सायकल (फेऱ्या), आणि यश आले नाही तर ७० टक्के रक्कम परत. ज्याच्या पाठीशी विमा नाही त्याला हे बोलणे विम्याइतकेच भरवशाचे वाटते, आणि नेमके तिथेच आम्ही फसलो. सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या काढून दिल्या. त्या तारण ठेवून १,२०,००० रुपये उभे केले आणि उरलेल्या ९०,००० रुपयांचे कर्ज केंद्रातल्याच मुलीने मोबाइलवर अर्ज भरून मंजूर करून दिले.

करार अकरा पानी आणि इंग्रजीत होता. सहीच्या जागी आधीच पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या, आणि बाई एकेक पान अशा उलटत होत्या की नजरेला फक्त ती फुली पडावी. “सगळे हेच भरतात, काळजी करू नका,” असे त्या म्हणाल्या आणि आम्ही सह्या केल्या.

इंजेक्शने पॅकेजमध्ये नाहीत, हे दुसऱ्या आठवड्यात कळले. त्यांचेच ६८,००० रुपये झाले. भूल आणि गर्भ गोठवून ठेवण्याचे शुल्क वेगळे द्यावे लागले. सायकल म्हणजे बीजांडे काढण्यापासूनची पूर्ण प्रक्रिया, असे आम्ही समजत होतो. करारात मात्र एकदाच ओव्हम पिकअप (बीजांडे काढणे) आणि त्यातून मिळालेल्या गर्भांचे जास्तीत जास्त तीन ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणे), एवढेच होते. माझे दोनच गर्भ तयार झाले, म्हणजे तिसऱ्या सायकलचे पैसे आम्ही मुळात न मिळणाऱ्या गोष्टीसाठी भरले होते.

पहिला ट्रान्सफर वाया गेला. दुसऱ्यानंतर चौदाव्या दिवशी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भधारणा दाखवणारी रक्तचाचणी, ४६ आली. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पुढच्या तपासणीत आकडा १९ वर आला आणि आठवड्याभरात मला पाळी आली.

महिन्याने रक्कम परत मागायला गेलो, तेव्हा बाईंनी नववे पान उघडून दाखवले. बीटा एचसीजी २५ च्या वर जाणे म्हणजे ‘यश’, अशी व्याख्या तिथे बारीक अक्षरांत छापलेली होती. सोनोग्राफीत ठोके दिसण्याचा उल्लेख नाही, बाळ जन्माला येण्याचा तर नाहीच. “करारानुसार तुमची केस यशस्वी आहे,” हे वाक्य मी समोर बसून ऐकले आणि ते मला आयुष्यभर विसरता येणार नाही.

आज जे दांपत्य या टप्प्यावर आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की करार घरी आणा, इंग्रजी येणाऱ्या नातेवाइकाकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्या, आणि ‘यश’ व ‘सायकल’ यांची व्याख्या तसेच इंजेक्शने, भूल व गोठवणे यांचा खर्च लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ प्रमाणे यशाची शक्यता, धोके आणि खर्च यांची माहिती देणे केंद्रावर बंधनकारक आहे; तक्रार निवारण कक्ष ठेवणेही. केंद्राचा नोंदणी क्रमांक जरूर मागा.

उपचारांची कागदपत्रे लेखी अर्ज देऊन मागितली, तर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. आमची फाइल अशीच मिळाली, आणि तिच्या आधारे आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. सुनावणी अजून व्हायची आहे. कर्जाचे सात हप्ते बाकी आहेत आणि पाटल्या अजून बँकेतच आहेत.