पोस्टर माझं, क्यूआर तिचा

मिरी आमची कुत्री, दहा वर्षांची. सोसायटीत सगळे तिला पॉमेरियन म्हणतात, खरं तर ती इंडियन स्पिट्झ. दिवाळीनंतर आंघोळ घालताना तिच्या पोटाखाली, शेवटच्या सडाजवळ, बोराएवढी गाठ हाताला लागली. चरबी असेल म्हणून मी महिना घालवला, तोवर ती लिंबाएवढी झाली. (तो गाढवपणा माझा, त्याचं खापर कुणावर फोडत नाही.) डॉक्टर म्हणाले, कुत्र्यांच्या स्तनातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. आधी छातीचा एक्स-रे, फुप्फुसात काही पसरलंय का बघायला, मग ऑपरेशन, त्यातच गर्भाशयही काढायचं आणि गाठ तपासणीला पाठवायची. खर्चाचा अंदाज ३८,००० रुपये. मुंबईत परळला जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे ने, असं बरेच जण म्हणाले, पण डोंबिवलीहून ड्रेसिंगसाठी टॅक्सीने खेपा घालायच्या तर वाचलेले पैसे तिथेच गेले असते.

माझ्याकडे १४,००० होते. लाज गिळून प्राणीप्रेमींच्या दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मदत मागितली. मिरीचा फोटो, डॉक्टरांचा कागद, माझा क्यूआर. तासाभरात एका मुलीचा मेसेज आला. डीपीला तीन पायांचं कुत्रं. "ताई, असे सुटे फोटो टाकले तर कुणी बघत नाही. मी छान पोस्टर करून देते, पैसे नकोत." मला रडूच आलं. मग म्हणाली, "क्यूआर तिरका आलाय तुमचा, मी सरळ करून लावते."

पोस्टर खरंच सुंदर होतं. वर मिरीचा चेहरा, खाली क्यूआर, त्याखाली ठळक अक्षरांत माझं नाव आणि नंबर. मी ते नातेवाईक, ऑफिस, शाळेच्या मैत्रिणी, जिथे जमेल तिथे पाठवलं. स्वतःच्या हाताने.

चार दिवसांत माझ्या खात्यात आले ६,३५०. तेही बहुतेक नंबरवर पाठवलेले. मला वाटलं, लोकांना कुत्र्याचं काय पडलंय! मनातल्या मनात किती जणांना नावं ठेवली म्हणून सांगू.

पाचव्या दिवशी साताऱ्याच्या मावशीचा फोन आला. "पोचले का गं हजार?" पोचले नव्हते. तिने स्क्रीनशॉट पाठवला. पैसे गेलेले, पण नाव भलत्याच एका एंटरप्रायझेसचं. मावशी म्हणाली, "मला वाटलं, दवाखान्याचं असेल." तेव्हा कुठे मी नवऱ्याच्या फोनवरून आपलंच पोस्टर स्कॅन केलं. तेच नाव. क्यूआरच्या काळ्या ठिपक्यांत माणसाला काय कळणार, सगळे सारखेच दिसतात. पिन टाकायच्या आधी ज्याला पैसे जाणार त्याचं नाव समोर येतं, पण खाली माझं नाव छापलेलं असल्यावर ते वाचतंय कोण? मुलीला मेसेज केला तर एकच टिक. ब्लॉक.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पहिलाच प्रश्न, पैसे कोणाच्या खात्यातून गेले? माझ्या खात्यातून एक रुपयाही गेला नव्हता. ज्याचे गेले त्याने तक्रार करायची, बारा आकडी व्यवहार क्रमांकासकट, आणि तीही लगेच, म्हणजे पैसे पुढे सरकायच्या आत रोखता येतात. मग मी एकेकाला फोन करत बसले. माझ्या मोजणीत २३ जणांचे मिळून १७,८०० तिकडे गेले होते. त्यातल्या चौघांनी तक्रार केली. बाकीचे म्हणाले, "जाऊ दे, दोनशे रुपयांसाठी कुठे ती कटकट." त्या मुलीचा सगळा धंदा या "जाऊ दे"वर चालतो. एक जण तर मलाच म्हणाला, "तुझ्या पोस्टरवरून गेले, म्हणजे तुला माहीत असणारच." ते अजून सलतंय.

पोस्टर कुणी करून दिलं तर करू द्या, पण पाठवण्याआधी दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून एक रुपया टाकून बघा. आणि देणाऱ्यांनो, दवाखान्याला फोन करून त्या नावाचं जनावर तिथे आहे का विचारा आणि जमलं तर बिल परस्पर तिथेच भरा. आमच्या डॉक्टरांनी नंतर तेच सुचवलं, उरलेल्यांनी तसे भरले, कमी पडले ते सोसायटीतून हातउसने घेतले.

ऑपरेशन झालं. गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं घालून मिरी दोन आठवडे दारांना धडकत फिरली, बाराव्या दिवशी टाके काढले. आता पोटावरचे केसही परत आलेत.

गेल्या रविवारी शेजारच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तेच पोस्टर फिरत आलं. "अर्जंट, उद्या ऑपरेशन." माझं नाव होतं, नंबर मात्र खोडलेला. मिरी माझ्या खुर्चीखाली घोरत होती. मी लगेच लिहिलं, हे फसवं आहे, कुणीही पैसे पाठवू नका. खाली एका काकूंचं उत्तर आलं, "अगं, मी सकाळीच पाचशे टाकले."